डॉक्टर, जरा गॅस झालाय!

आपल्याकडे 'गॅस' या शब्दात काय काय मावते! ढेकर, पोट फुगणे, घशाशी आंबट येणे, पाठ धरणे, डोके जड होणे, सगळे. 'गॅस डोक्यात चढला' असे सांगणारे पेशंट तर रोज भेटतात. पोटातला वायू डोक्यात जायला शरीरात वाट नाही, असे मी समजावतो. ते मान हलवतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच सांगतात. यात हसण्यासारखे काही नाही. त्रास खराच असतो, त्याला हाताशी असलेला शब्द दिलेला असतो, इतकेच.

अडचण पुढे येते. एकदा नाव मिळाले की मन शोधायचे थांबते. गॅस म्हटले की सोडा, ओवा, अँटासिडची गोळी. त्या नावाखाली हार्ट अटॅक असेल तर उपचाराचे सर्वांत मोलाचे तास घरीच निघून जातात. या गोंधळाला शरीरही हातभार लावते. हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूत बरेचसे एकाच भागात पोहोचतात. त्यामुळे नेमके कुठे दुखते हे मेंदूलाही नीट ठरवता येत नाही, तो अंदाज बांधतो. म्हणूनच हृदयाचे दुखणे कधी जबड्यात, कधी हातात, कधी पोटाच्या वरच्या भागात जाणवते. मधुमेह असणाऱ्यांना तर कधी छातीत न दुखता नुसता दम लागतो, घाम सुटतो.

अर्थ सुट्या शब्दांत नसतो, तो पूर्ण वाक्यातून एकदम उमगतो, असे भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात मांडले आहे. (व्याकरणाचा पंडित दवाखान्यात कशाला, असे वाटेल, मला तो रोज उपयोगी पडतो.) 'गॅस झालाय' यातून मला फारसे काही कळत नाही. 'जिना चढताना छातीवर दाब येतो, थांबलो की ५ मिनिटांत जातो' यातून मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा संशय लगेच येतो. म्हणून माझा आग्रह आहे, येताना आजाराचे नाव आणू नका. काय करताना झाले, कुठे, किती वेळ, कशाने थांबले, ते आपल्या घरच्या भाषेत सांगा.

आम्हा डॉक्टरांचे बोलणेही काही कमी गोंधळाचे नाही. 'रिपोर्ट निगेटिव्ह' ऐकून कुणाचा चेहरा पडतो. 'ईसीजी नॉर्मल' म्हणजे हृदय ठणठणीत, असे पेशंट धरून चालतो. प्रत्यक्षात अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून तो पुन्हा काढतात, ट्रोपोनिनची रक्ततपासणी करतात. बोलून झाल्यावर 'तुम्हाला काय समजले, ते मला सांगा' असे विचारायला फार वेळ लागत नाही. ओपीडीत गर्दी असते, ही सबब मला पटत नाही.

छातीत दडपण आणि सोबत घाम, दम किंवा मळमळ असेल तर घरी अंदाज करत बसू नका. १०८ ला फोन करा, जवळचे मोठे रुग्णालय गाठा. तिथे पोहोचल्यावरही 'गॅस झालाय' असे न म्हणता केव्हापासून आणि कसे होते आहे, ते सांगा.