उजनीच्या वाटपात मच्छीमारालाही बसवा



उन्हाळा तोंडावर आला की उजनीच्या पाण्यावरून ओढाताण सुरू होते. उसाला किती आवर्तने, सोलापूर शहरासाठी नदीतून औज बंधाऱ्यापर्यंत किती, हे सगळे कालवा सल्लागार समितीत ठरते. धरणातल्या मासळीचा आणि तिच्यावर पोट भरणाऱ्यांचा विषय तिथे निघतच नाही. तो निघाला पाहिजे, म्हणून हे पत्र.

2024च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 टक्क्यांच्या घरात गेली. बातम्या आल्या त्या टँकरच्या आणि वाळणाऱ्या उसाच्या. पाणी असे हटले की होड्या चिखलात बसतात, मासळी उरल्यासुरल्या पाण्यात गोळा होते आणि बारीक जाळ्यांची मासेमारी, म्हणजे वडाप, जोरात चालते. बोटाएवढी पिल्ले पोत्यांनी बाहेर निघतात. कटला, रोहू साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, त्यांचे बीज सोडावे लागते. आज वडापीत गेलेले पिल्लू वर्ष-दीड वर्ष राहिले असते तर किलोभराचे झाले असते. यात मरण भोई समाजाचे आणि धरणात जमिनी गेल्यावर जाळे हाती घेतलेल्या कुटुंबांचे आहे.

'सोलापुरात मासे खातो कोण?' असे विचारणाऱ्यांनी विडी कामगारांच्या वस्तीत रविवारी चक्कर मारावी. मटण परवडत नाही तिथे चिलापी येते. बाया डोकीसुद्धा टाकू देत नाहीत. चिंचेच्या आंबट रश्शात ती आधी पडतात, आणि तो रस्सा भाकरीबरोबर घरभर पुरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मासळीतले लोह तर अंगी लागतेच, शिवाय सोबतच्या भाकरी-भाजीतले लोहही त्यामुळे जास्त शोषले जाते. काट्यासकट खायच्या छोट्या मासळीचे महत्त्व बांगलादेशात दाखवून देणाऱ्या शकुंतला थिल्स्टेड यांना 2021 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अर्थात जातीनेच लहान असलेली मासळी वेगळी आणि वडापीत जाणारी कटल्याची पिल्ले वेगळी.

पुणे-पिंपरीचे सांडपाणी उजनीत येते, मग हा मासा खावा का, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मासळीची नियमित तपासणी करून निष्कर्ष जाहीर करावेत आणि सांडपाणी वरच रोखावे. घाण करणारे वरचे आणि धंदा बसणार खालच्या मच्छीमाराचा, हे कुठल्या न्यायात बसते?

एप्रिल 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमकक्ष दर्जा दिला. मग पाणी वाटताना मच्छीमार बाहेर का? उसाची बाजू मांडणारे लोकप्रतिनिधी समितीत भरपूर आहेत. करमाळा, इंदापूरकडच्या मच्छीमार संस्थांचा निदान एक प्रतिनिधी पुढच्याच बैठकीला बोलवावा. उन्हाळ्यात मासळीसाठी किती पाणी राखायचे, बीज कधी सोडायचे आणि वडाप कोणी थांबवायची, हे त्याच्यासमोर ठरवून इतिवृत्तात नोंदवावे.

– एक वाचक, सोलापूर