सुभेदार रामजी: निवृत्तीनंतरही शाळा न सोडलेले हेडमास्तर

इंदूरजवळचं महू हे गाव तुम्हाला माहीत असेलच. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मस्थान. दरवर्षी 14 एप्रिलला तिथे देशभरातून लोक येतात. पण त्या छावणीत बाबासाहेबांचं कुटुंब कशामुळे होतं, हे ठाऊक आहे का?

त्यांचे वडील रामजी मालोजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून त्यांनी शिक्षकाची पदविका घेतली आणि तब्बल 14 वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर म्हणून काम केलं.

ही शाळा साधी नव्हती बरं का! ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. गावातल्या शाळेत ज्यांना दारात उभं करत नसत, त्यांची मुलं छावणीत लिहा-वाचायला शिकत होती. पण 1892च्या सुमारास महार समाजाची सैन्यभरती बंद झाली आणि हे दारही मिटलं. त्यानंतर दोनेक वर्षांत रामजी निवृत्त झाले. बाबासाहेब तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होते.

मग शाळा घरात आली. आधी दापोली, नंतर सातारा, पुढे मुंबई. साताऱ्यात आई भीमाबाई गेल्या. रामजी कबीरपंथी होते, शिस्तीचे कडक. मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत.

परळच्या चाळीत एकच खोली. त्यातच स्वयंपाक, सामान, माणसं. अभ्यासाला शांतता कुठून मिळणार? रामजींनी तोडगा काढला. भीमाला लवकर झोपवायचं, स्वतः दोन वाजेपर्यंत जागायचं, मग त्याला उठवून आपण आडवं व्हायचं.

पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्यांचा एखादा दागिना मागून घेत, सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत.

आणि पोरगा इंग्रजी चौथी पास झाला, तेव्हा समाजातल्या लोकांना सत्कार करायचा होता. रामजी म्हणाले, नको! एका परीक्षेनं पोराच्या डोक्यात हवा जाईल. शेवटी दादा केळुसकर गुरुजींनी समजूत घातली. त्याच सत्कारात गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमाच्या हाती दिलं.

2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी गेले. बडोद्याहून निघालेला मुलगा वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरला आणि गाडी चुकली. पोचला तेव्हा शेवटचे क्षण उरले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते पाहायला हेडमास्तर नव्हते.

पुढे 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांची आठवण ठेवून.

तुम्ही कुठल्याही गावात, कुठल्याही राज्यात राहत असा. सैन्यातून परत येऊन शाळा सांभाळलेले एखादे गुरुजी तिथेही असतील. ते हयात असतील, तर या रविवारी त्यांना भेटून या. नसतील, तर घरातल्या मुलांना त्यांच्याबद्दल सांगा. रामजींच्या वर्गातल्या इतर मुलांची नावं आज आपल्याला माहीत नाहीत. तुमच्या गुरुजींच्या मुलांची मात्र तुम्हाला नक्की आठवतील, कारण त्यातलं एक तुमचंच असेल.