माणदेशची मेंढी आणि ज्ञानाची मालकी

म्हसवडच्या माळरानावर मेंढी हे धनगराचे भांडवल आहे आणि कोकरू हे त्या भांडवलाचे व्याज. दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. साहजिकच दुष्काळात खचलेला कळप पुन्हा उभा राहण्यास वर्षे लागतात. हे व्याज वाढविण्याचा प्रयत्न शेजारच्या फलटणमध्ये झाला. त्यात जैवमाहितीशास्त्राचा वाटा आहे.

प्रत्येक सजीवाचा आनुवंशिक मजकूर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. मेंढीच्या मजकुरात अशी अडीचशे कोटींहून अधिक अक्षरे आहेत. तो संगणकात साठविणे, दुसऱ्या प्राण्याच्या मजकुराशी ताडून पाहणे व फरकाचा अर्थ लावणे, हे या शास्त्राचे काम. २०२० च्या जानेवारीत करोना विषाणूचा सुमारे ३० हजार अक्षरांचा मजकूर जाहीर होताच विषाणू हाती नसलेल्या देशांतही तपासणीच्या पद्धती तयार झाल्या, त्या याच मार्गाने.

ऑस्ट्रेलियातील बूरूला या मळ्यावरील मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देत. त्याचे कारण मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे, इतके कळले होते. माणसाच्या चौथ्या गुणसूत्राच्या एका भागाशी ते जुळत असल्याने नेमके जनुक शोधणे सुकर झाले. २००१ मध्ये तीन संशोधकगटांना ते स्वतंत्रपणे सापडले. बदल अवघ्या एका अक्षराचा! पुढे सुंदरबनातील बुटक्या गरोल मेंढीतही तोच बदल आढळला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात मेंढ्या गेल्या होत्या. गुण बंगालच्या गरिबाच्या मेंढीचा, नाव मात्र गोऱ्याच्या मळ्याचे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोलचा हा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हे वाण तयार केले. यात अडचण होती ती एडक्याची. एडका वीत नाही. त्याच्या अंगी हा गुण आहे की नाही, हे कळण्यास त्याच्या लेकी विईपर्यंत थांबावे लागे. आता रक्ताच्या थेंबावरून ते कोवळ्या वयातच कळते. अर्थात जुळ्यांना दूध पुरायचे तर मेंढीला चारा हवा. गायराने आक्रसत असता हाच गुण ओझे ठरू शकेल, आणि त्यावर संगणकाकडे उपाय नाही.

मजकूर सर्वांना खुला असला तरच अशी तुलना शक्य होते. मानवी जनुकांचा मजकूर २४ तासांत जाहीर करावा, असे शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये बर्म्यूडात ठरविले. तरीही स्तनांच्या कर्करोगाशी निगडित जनुकांवर एका अमेरिकी कंपनीने पेटंट मिळविलेच. नैसर्गिक जनुकावर असा हक्क सांगता येत नाही, हा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास २०१३ साल उजाडले. परंतु खुलेपणाने सारा प्रश्न सुटत नाही. खुल्या मजकुरावर नफा मिळविणाऱ्याने वाण जपणाऱ्याला काय द्यावे? कोलंबियातील काली येथे २०२४ मध्ये यासाठी निधी उभारण्याचे ठरले. कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का अथवा उत्पन्नाचा दशांश टक्का द्यावा, अशी अपेक्षा आहे. सक्ती नाही.

आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत समिती व लोकांची जैवविविधता नोंदवही असावी असे सांगितले आहे. माण, आटपाडी, जत येथील नोंदवह्यांत माडग्याळसारख्या मेंढ्या, त्यांचे पालक आणि एडका निवडण्याची त्यांची पारख लिहून घेतली आहे की नाही, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी कचेरीत जाऊन पाहावे.