माद्या मोजू नका, जगलेली पिल्लं मोजा



आज आधी माझी एक चूक कबूल करतो. वराहपालनाच्या एका जुन्या व्हिडिओत मी फळ्यावर गणित मांडलं होतं. १० माद्या, वर्षाला २ वेत, एका वेताला १० पिल्लं, म्हणजे २०० पिल्लं. त्याला बाजारभावाने गुणलं की आकडा असा येतो, की माणूस त्याच दिवशी शेडचं कोटेशन मागवतो.

काही महिन्यांपूर्वी एक तरुण माझ्या दुकानात आला. हातात वही, वहीत तेच गणित. त्याने आठ माद्या आणि एक नर घेतला होता. आठांपैकी सहाच व्याल्या. ५४ पिल्लं झाली, दोन महिन्यांनी ३१ उरली. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, तुमच्या फळ्यावर मेलेलं पिल्लू एकही नव्हतं."

म्हणून आज माझं मत स्पष्ट सांगतो. नवीन माणसाने थेट माद्यांपासून सुरुवात करू नये. आधी विकत आणलेली पिल्लं वाढवून विकावीत, मग फक्त दोन माद्या घ्याव्यात. कर्ज आणि मोठं शेड त्यानंतर.

का, ते सांगतो.

पिल्लं कुठे जातात?

मादी भरल्यापासून साधारण ११४ दिवसांनी विते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं लक्षात ठेवा. भरवल्याची तारीख भिंतीवर लिहिलेली नसेल, तर ती कोणत्या रात्री विणार हे तुम्हाला कळणारच नाही. आणि सगळा खेळ त्या रात्रीचा आणि पुढच्या तीन दिवसांचा आहे. दीडशे किलोची मादी कूस बदलते आणि किलो-सव्वा किलोचं पिल्लू तिच्याखाली दबतं. पिल्लाला ३२-३४ अंशांची ऊब लागते. ती नसली की ते आईला चिकटून झोपतं आणि तिथेच चिरडलं जातं. भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर आडवा पाइप, कोपऱ्यात बल्ब, कोरडं अंथरूण, पहिल्या काही तासांत चीक, आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास लोहाचं इंजेक्शन. यातलं काहीच महाग नाही. पण रात्री दोन वाजता तिथे माणूस लागतो. दोन माद्यांसाठी तुम्ही जागाल. दहा माद्या पुढेमागे विणार असतील तर पहिल्याच वर्षी कोण जागणार?

दुसरी गळती माजाची. मादी दर २१ दिवसांनी माजावर येते. पिल्लांचं दूध तोडलं की साधारण आठवड्यात पुन्हा येते. तो दिवस हुकला की आणखी तीन आठवडे तिला फुकट खायला घालायचं. रोज अडीच किलो धरलं तर ५० किलोचं एक पोतं गेलं. त्या तरुणाच्या दोन माद्या अशाच राहिल्या. कुणी बघितलंच नव्हतं.

गल्ला आधी रिकामा होतो

मी दुकानदार आहे. माझ्याकडे न विकलेली बादली कोपऱ्यात गप्प पडून राहते. डुक्कर गप्प राहत नाही, ते रोज खातं. या धंद्यात खर्चाचा सर्वांत मोठा भाग खाद्याचा असतो, ढोबळमानाने ७० टक्के. एक डुक्कर ९०-१०० किलोचं व्हायला सात-आठ महिने आणि अडीचशे ते तीनशे किलो खाद्य लागतं. खाद्य ३० रुपये किलो धरलं, तर एका जनावराला साडेसात ते नऊ हजार रुपये झाले. तुमच्या भागातला दर टाका आणि स्वतः करून बघा. जिवंत वजनाचा भाव दहा रुपयांनी पडला, तर जवळपास हजार रुपये गेले.

आता तरुण मादी घेतल्यापासून मोजा. महिना-दीड महिना भरायला, पावणेचार महिने विण्याला, सात-आठ महिने पिल्लं वाढायला. म्हणजे वर्षभर पैसा नुसता बाहेर जातो. लोक शेडचे पैसे मोजतात आणि या वर्षाचे पैसे मोजतच नाहीत.

"पण सर, अनुदान आहे ना?" आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख रुपये मिळू शकतात. चांगली योजना आहे. पण ते पैसे शेड-जनावरांसाठी आहेत, रोजच्या खेळत्या भांडवलासाठी नाहीत. अनुदान बसावं म्हणून कळपाचा आकडा ठरवणं म्हणजे चप्पल स्वस्त मिळाली म्हणून पाय कापून घेणं.

स्वस्त खाद्याची खरी किंमत

खाद्य परवडत नाही म्हणून बरेच जण हॉटेलचं उरलेलं अन्न आणतात. मी त्याला नावं ठेवणार नाही, छोट्या माणसाचा नफा अनेकदा त्यातच असतो. पण ते ढवळत, तासभर चांगलं उकळल्याशिवाय घालू नका. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर पहिल्यांदा सापडला, नंतर तो देशात इतरत्रही पसरला. माणसाला तो होत नाही. पण डुकरांत त्याला औषध नाही, आणि आपल्याकडे लसही मिळत नाही. रोग निघाला की आसपासचा सगळा कळप मारावा लागतो. डुकराच्या मांसाचा उरलेला तुकडा, व्यापाऱ्याची गाडी, शेजारच्या फार्मवरून आलेली चप्पल, कशातूनही तो येऊ शकतो.

मग करायचं काय?

पहिलं, गिऱ्हाईक शोधा. तुमचा माल कोण, कोणत्या वजनाला, रोख घेणार, हे दोन-तीन व्यापाऱ्यांना भेटून लिहून आणा. दुसरं, घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी आधी बोला, ग्रामपंचायतीत विचारा. वासावरून उठलेली तक्रार शेड बांधल्यावर मिटत नाही. तिसरं, दूध तोडलेली दहा निरोगी पिल्लं घ्या, स्वाइन फीव्हरची लस द्या, वाढवा, विका. खाद्याचा रोजचा हिशोब वहीत ठेवा. वजन काट्यावर करा, नजरेनं नाही. ती दहा विकून हातात काही उरलं, तर दोन माद्या घ्या.

आणि एक. वडार, कैकाडी समाजातली अनेक कुटुंबं पिढ्यानपिढ्या हे जनावर सांभाळत आली आहेत. लोकांनी त्यांना नावं ठेवली आणि आज तेच लोक यात "स्कोप" बघतायत. माझा व्हिडिओ बघण्याआधी अशा एखाद्या काकांकडे किंवा मावशींकडे दोन दिवस जाऊन बसा. मादी विणार हे त्यांना कॅलेंडर न बघता कळतं.

दोन माद्यांवर घर चालत नाही, मान्य. पण ती तुमची शिकवणीची फी आहे, आणि आठ माद्यांच्या फीपेक्षा खूप कमी आहे. जुना व्हिडिओ मी काढलाय. नवीन करतोय. या वेळी फळ्यावर मेलेल्या पिल्लांचा रकाना सर्वांत आधी असेल.