घड्याळ लहान नाही, नजर मोठी झालीये

जुनं मनगटी घड्याळ घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न हल्ली एकच असतो. "किती एमएमचं आहे?" आणि उत्तर चौतीस-पस्तीस आलं की चेहरा पडतो. "अरेरे, लहान आहे हो!" मग त्याची टिकटिक कितीही खणखणीत असो, डायल कितीही देखणी असो, घड्याळ परत खोक्यात. या आकड्याच्या दादागिरीबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा असता तर गप्प बसलो असतो. पण त्यापायी घराघरातली चांगली घड्याळं मोडली जातायत.

आधी हा आकडा म्हणजे काय ते पाहू. ज्या धातूच्या डबीत यंत्र बसवलेलं असतं ती केस. तिची आडवी रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि ती बाजूचं चावी द्यायचं बटण सोडून मोजायची असते. काही विक्रेते बटण धरून मोजतात आणि दोन-तीन मिलिमीटर फुकटात वाढवतात! म्हणून आकडा ऐकला की पहिलं विचारायचं, "बटण धरून की सोडून?"

आता लहान-मोठ्याचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मनगटावरचं घड्याळ हा बायकांचा दागिना मानत. पुरुषांचं घड्याळ खिशात, साखळीला. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायला सवड नव्हती, तेव्हा ते मनगटावर आलं. पुढे यंत्र जितकं लहान आणि पातळ तितका कारागीर मोठा, असा हिशोब होता. पाटेक फिलिपचं १९३२ सालचं कॅलट्राव्हा जेमतेम ३१ मिलिमीटरचं. रोलेक्सचं १९४५ सालचं डेटजस्ट ३६ मिलिमीटरचं, आणि ते चांगलं भरदार पुरुषी घड्याळ समजलं जाई. १९७२ साली ऑडेमार पिगेनं ३९ मिलिमीटरचं रॉयल ओक काढलं, तर लोकांनी त्याला 'जम्बो' म्हटलं! आज ३९ म्हणजे मध्यम. १९९३ साली त्याच घराण्याचं ४२ मिलिमीटरचं ऑफशोअर आलं आणि मग मोठ्या घड्याळांची लाटच आली. म्हणजे ज्या मापानं आपण आज जुन्या घड्याळाला 'लहान' ठरवतो, ते माप अवघ्या तीसेक वर्षांचं आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं एचएमटीची मनगटी घड्याळं बनायला लागली. जनता, पायलट... चावी द्यायची ही घड्याळं साधारण ३५ मिलिमीटरची. आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या पिढीनं तीच घातली. लग्नात जावयाला तीच, निवृत्तीच्या निरोप समारंभातही तीच. तेव्हा कुणी त्यांना बायकी म्हटलं नाही. मनगटं तेव्हाही अशीच होती. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे घरात उरलेली ही जुनी घड्याळं आता जपायलाच हवीत.

आमच्या घरातलीच गोष्ट. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबला आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ राहत. कापसाच्या चुकाऱ्यातून त्यांनी एक जनता घेतलं होतं. ते गेल्यावर घड्याळ नातवाकडे आलं. मागच्या वर्षी गेलो तर हा पठ्ठ्या म्हणतो, "काका, हे त लेडीज वाटते. मित्र हासतीन मले." शहरातल्या एका दुकानदारानं त्याला सांगितलं होतं म्हणे, की यंत्र काढून नव्या बेचाळीसच्या केसमध्ये टाकून देतो, डायलही नवी करकरीत रंगवून देतो. मोठी आई बाजूला बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मंग त्यात त्याइचं काय राहीन रे बापू?"

मी त्याला उपदेश केला नाही. शिलाई मशिनच्या खणातला टेप मागवला. त्याचं मनगट भरलं साडेसोळा सेंटीमीटर, आणि वरचा सपाट भाग जेमतेम ५० मिलिमीटर. मग त्याचं रोजचं दणकट घड्याळ मोजलं, वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंत. पट्टा जिथे अडकतो ते केसचे कान, त्यांना लग म्हणतात. ते निघालं ५५! दोन्ही बाजूंनी मनगटाच्या बाहेर लोंबत होतं. जनता मात्र मनगटावर नीट मावलं.

जुनं घड्याळ घेताना पाहायचं ते हे. नुसती रुंदी नाही, कानापासून कानापर्यंतची लांबी. ती मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त नको. दुसरं, दोन कानांमधलं अंतर, म्हणजे पट्ट्याची रुंदी. ३५च्या घड्याळाला बहुधा १८ मिलिमीटरचा पट्टा लागतो; बारीक पट्टा लावला तर तेच घड्याळ केविलवाणं दिसतं. तिसरं, डायल. काठ बारीक आणि डायल पांढरी असेल तर ३५चं घड्याळ ३७चं वाटतं; काठ जाड, डायल काळी असेल तर उलटं. चौकोनी घड्याळ असेल तर गोलाचा आकडा त्याला लावूच नका. चौकोनाचे कोपरे जागा व्यापतात, तीसचा चौकोनही भरपूर मोठा दिसतो.

आकडा आणखी एका कामाला येतो, फसवणूक ओळखायला. जुनं जनता म्हणून कुणी चाळीसचं दाखवलं तर हात जोडून पुढे जा. लहान यंत्र मोठ्या केसमध्ये कोंबलं की खुणा राहतात. तारखेची खिडकी काठापासून दूर, मध्याकडे सरकलेली दिसते. सेकंदाची छोटी तबकडी वेगळी असेल तर तीही मध्याला चिकटते. काटे तोकडे पडतात, अंकांपर्यंत पोचत नाहीत. परदेशातले शौकीन अशा रंगवलेल्या, जुळवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव यासाठी निघावं, हे काही बरं नाही. पण "मोठं करून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आपणच आहोत, तेव्हा दोष नुसता कारागिराला कसा द्यायचा?

मोठी घड्याळं घालूच नका असं माझं म्हणणं नाही. ज्याचं मनगट रुंद त्यानं खुशाल घालावं, हौसेला मोल नसतं. पण हौस नव्या घड्याळावर करा. जुन्याला त्याच्या मापात राहू द्या. आणि गंमत म्हणजे वारा फिरतोय. टूडरनं २०२३ साली काढलेलं ब्लॅक बे ५४ मुद्दाम ३७ मिलिमीटरचं आहे. उद्या पस्तीसची फॅशन आली, तर आज मोडून टाकलेली केस कुठून आणणार?

बोरीच्या पोरानं केस बदलली नाही. १८चा साधा चामडी पट्टा तेवढा लावून घेतला. रोज घालत नाही म्हणे अजून, पण दसऱ्याला सोनं द्यायला गेला तेव्हा हातात तेच होतं. तूर्त एवढं पुष्कळ झालं.