कणसाला आशीर्वाद, कष्टाला घासाघीस

भाद्रपद सरून आश्विन लागला की वसईच्या बाजाराचे रूप पालटते. पडवळ, शिराळी, घोसाळी, दुधी हा मांडवांवरचा पावसाळी बहर उतरणीला लागलेला असतो, तरी टोपल्यांतून अजून डोकावत असतो. त्याच्या जोडीला भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, कोवळा मुळा आणि लाल माठाच्या जुड्या येऊन बसतात. शेतांत हळवे भात पिवळे पडते. नवरात्रापासून फुलांना उठाव येतो. दसऱ्याचा झेंडू, दिवाळीचा झेंडू आणि मग २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर वाहायची फुले, अशी मागणी एकामागून एक येत राहते. ऊन तापू लागले की राजेळी केळी सोलून वाळत घातली जातात व त्यांची सुकेळी होतात. कार्तिक वद्य एकादशीला सुरू होणाऱ्या निर्मळच्या जत्रेतून हिंदू-ख्रिस्ती सारेच ती घेऊन घरी परततात. वाडी कसणाऱ्याच्या हाती चार पैसे यावेत असे वर्षातले जे थोडके दिवस आहेत, ते हेच होत.

आणि नेमकी ह्याच दिवसांत आपली जीभ सर्वांत तिखट होते. टोपली समोर ठेवून बसलेल्या बाईशी एका जुडीसाठी, एका वाट्यासाठी, मूठभर कोथिंबिरीसाठी आपण जो वाद घालतो, त्याविषयी आम्हाला आज बोलायचे आहे. व्यापारी, दलाल, सरकार यांना दोष देणारे लेख पुष्कळ लिहिले जातात आणि ते लिहिले जावेतही. आमचा रोख मात्र गिऱ्हाइकावर आहे, म्हणजे आपल्यावर, रविवारची मिस्सा आटोपून हातात पिशवी घेऊन बाजारात शिरणाऱ्या कुटुंबांवर आहे.

आपला समाज कणसाचा सन्मान करणारा आहे. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. मंगळूरकडे ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, नव्या कणसांना आशीर्वाद देऊन ती घरोघर नेली जातात. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो. नव्या पिकाचा पहिला वाटा देवाचा, ही भावना मोशेच्या नियमशास्त्राइतकी जुनी आहे आणि ती आपण टिकवली याचा आम्हाला अभिमान वाटतो. परंतु वेदीसमोर ज्या भोपळ्याला, केळीच्या घडाला आणि भाताच्या लोंबीला आपण हात जोडतो, तेच जिन्नस चर्चच्या फाटकाबाहेर टोपलीत दिसले की आपला सूर का बदलतो? आत ते देवाचे दान असते आणि बाहेर मात्र ‘बाय, हे काय सोन्याचे आहे का?’ असे होते. आशीर्वाद कणसाला मिळतो. ते पिकवणारीच्या वाट्याला घासाघीस येते.

घासाघीस आपण कोणाशी करतो व कोणाशी करत नाही, हे एकदा तपासून पाहावे. थंड हवेच्या मोठ्या दुकानात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार भेंड्यांवर जी किंमत चिकटवलेली असते, ती आपण मुकाट्याने देतो. मोबाईलवरून मागवलेली भाजी दारात येते तेव्हा तिच्या दरावर वाद घालण्याची सोयच नसते आणि आपल्याला त्याचे वैषम्यही वाटत नाही. डॉक्टरची फी, वकिलाची फी, हॉटेलातले बिल, सणाच्या दिवशी मंडपवाल्याचे पैसे, हे सारे आपण मोजून देतो. आपला सारा व्यवहारचातुर्याचा आवेश राखून ठेवलेला असतो तो अशा एकाच व्यक्तीसाठी, जिच्यामागे दुकान नाही, कंपनी नाही आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याची सवडही नाही. ह्याला काटकसर म्हणावे की बलवानाने दुबळ्यावर दाखवलेला जोर, हे वाचकांनीच ठरवावे.

ती ज्या दरावर अडून बसते, त्यात काय काय सामावलेले असते? बियाणे, खत, मांडवाचे बांबू व तारा, मजुरी हे तर उघडच आहे. पण किनाऱ्यालगतच्या गावांत वर्षानुवर्षे टँकर भरभरून पाणी उपसले गेल्याने कित्येक विहिरी खारट झाल्या. त्या पाण्यावर वाडी जगवण्याची किंमतही त्या जुडीत असते. पहाटेच्या लोकलमधून चाफा, मोगरा, भाजी दादरपर्यंत पोचवणाऱ्यांची मोडलेली झोप त्यात असते. सुकेळ्यांचेच पाहा. पिकलेले केळे सोलायचे, उन्हात घालायचे, संध्याकाळी उचलून झाकायचे, सकाळी पुन्हा मांडायचे, असे कित्येक दिवस करायचे. त्यात एखादी अवेळची सर आली तर सारे मातीमोल. वाळल्यावर केळ्याचे वजन किती उरते हे ज्याने पाहिले आहे, तो सुकेळ्यांचा दर ऐकून नाक मुरडणार नाही.

शिवाय विकल्या गेलेल्या जुडीला न विकल्या गेलेल्या जुडीचाही खर्च सोसावा लागतो. २०१९ सालचा ऑक्टोबर आठवावा. पाऊस परतण्याच्या दिवसांत अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि त्यापाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे उठली, कापणीला आलेले भात कोकणभर पाण्यात आडवे झाले, कापून ठेवलेल्याला कोंब फुटले. त्या वर्षीही आपण बाजारात गेलो होतो आणि त्या वर्षीही आपण विचारले होते, ‘एवढी महाग कशी?’

महागाईचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आम्ही झटकून टाकणार नाही. तुटपुंज्या पगारात चार तोंडे भरणाऱ्या गृहिणीला भाजीचा दर सोसत नाही. पोप तेविसावे योहान यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ ह्या १९६१ सालच्या विश्वपत्रात हाच पेच मांडला होता. शेतमाल ही प्रत्येकाची मूलभूत गरज असल्याने तो सर्वांच्या आवाक्यात असावा, हे त्यांनी मान्य केले. पण त्यासाठी शेतकऱ्यांनी कायम हीन आर्थिक अवस्थेत राहावे हा न्याय होऊ शकत नाही, असेही त्यांनी ठामपणे सांगितले. ज्याला परवडत नाही त्याने कमी घ्यावे, मोसमाची व त्यामुळे स्वस्त असलेली भाजी घ्यावी. आश्विनात फुलकोबीचा हट्ट धरून दराविषयी रडणारा माणूस महागाईचा बळी नसून आपल्या जिभेचा बळी आहे. आणि आम्ही हेही पाहतो की घासाघीस करणारे सारेच काही गरजवंत नसतात. गरीब माणूस पुष्कळदा दर विचारतो, हिशेब करतो आणि मुकाट्याने पुढे जातो. मोटारीची काच खाली करून दहा रुपयांसाठी भांडणारा गरिबीने गांजलेला नसतो.

दुसरा आक्षेप असा की विकणारीने कबूल होऊनच माल दिला, मग अन्याय कसला? ह्या युक्तिवादाला ख्रिस्तसभेने फार पूर्वी उत्तर दिले आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये मजुरीसंबंधी सांगितले की गरजेपोटी वा आणखी वाईट प्रसंगाच्या भयाने माणूस कमी मजुरीला होकार देतो, तेव्हा तो होकार नसतो, ती बळजबरी असते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’मध्ये तेच तत्त्व राष्ट्राराष्ट्रांतील व्यापाराला लावले. आमच्या बाजाराला ते लावायला कोणत्याही पंडिताची गरज नाही. अकरा वाजत आले आहेत, ऊन चढले आहे, माठ मान टाकू लागला आहे, परतीची बस गाठायची आहे. हे सारे तिला ठाऊक आहे आणि तिला ठाऊक आहे हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच आपण ‘येताना बघू’ म्हणून पुढे जातो आणि उतरत्या वेळी परततो. तिच्या त्या वेळच्या होकाराला करार म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते वस्तूच्या मोलापेक्षा अधिक घेऊन ती विकणे जसे अन्यायाचे, तसेच मोलापेक्षा कमी देऊन ती विकत घेणेही अन्यायाचे. ह्यातला पहिला अर्धा भाग आपल्याला तोंडपाठ असतो, कारण तो दुकानदाराला लागू पडतो. संत ऑगस्टीन यांनी एका गृहस्थाची हकिकत नोंदवून ठेवली आहे. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकायला आले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते आणि त्याने अगदी थोडकी किंमत सांगितली. ह्या गृहस्थाने आपण होऊन त्याला योग्य ती, पुष्कळ मोठी रक्कम दिली. स्वस्तात घ्यावे व महाग विकावे ही साऱ्यांचीच इच्छा असते, असे म्हणणाऱ्यांना ऑगस्टीन यांनी हे उदाहरण दिले. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातही गिऱ्हाइकाची लबाडी नेमकी पकडली आहे: घेताना माल टाकाऊ ठरवायचा आणि घरी जाऊन स्वस्तात मिळाल्याची बढाई मारायची. ही बढाई आपल्या घरांतून अजूनही कौतुकाने ऐकली जाते.

तिसरा आक्षेप विकणाऱ्यांविषयी आहे आणि तोही आम्ही लपवणार नाही. वाशीच्या घाऊक बाजारातून आणलेली भाजी ‘गावठी’ म्हणून विकली जाते, वजनात खोट असते, घासाघीस होणार हे धरून दर आधीच चढवून सांगितला जातो. हे प्रकार घडतात. खोटे माप देवाला घृणास्पद आहे हे विकणाऱ्यांनाही लागू आहे. जी आपली नाही ती भाजी वाडीची म्हणून विकणारी व्यक्ती शेजारच्या खऱ्या वाडीवाल्याचा घास काढून घेते. परंतु चढवून सांगितलेला दर आणि पाडून मागितलेला दर ही एकाच दुखण्याची दोन टोके आहेत. आपण घासाघीस सोडली तर दर चढवण्याचे कारण उरणार नाही. कोणीतरी आधी सुरुवात करायला हवी. आणि ज्याची पिशवी भरलेली आहे त्याने ती करावी, हे योग्य.

कायद्याने शेतकऱ्याला थोडीफार मोकळीक दिली आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू झाले. रस्त्यावर विकणाऱ्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठी २०१४ सालचा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक शहरात समिती असावी आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांचे असावेत, असे ठरले आहे. थेट विकण्याचा हक्क मिळाला, पण टोपली टेकायला जागा कुठे आहे? गावांचे शहर झाले, रस्ते मोटारींना अपुरे पडू लागले, आणि पिढ्यानपिढ्यांच्या जागेवरून सर्वांत आधी उठवली जाते ती हीच बाई. ह्या बाजारात पूर्वेच्या डोंगरपट्टीतून येणारी आदिवासी बहीणही असते. पावसाळ्यात रानभाज्या आणि पाऊस सरताना काकडी, चिबूड घेऊन ती उन्हातान्हात बसते. तिला मोजदाद कमी येते आणि तिच्याशी घासाघीस करणे सर्वांत सोपे जाते. म्हणूनच तिच्याशी केलेली घासाघीस सर्वांत लाजिरवाणी आहे.

आम्ही नुसता उपदेश करून थांबू इच्छित नाही. आमच्या मते प्रत्येक धर्मग्रामाने ह्या मोसमापुरत्या तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रविवारी चर्चच्या आवारातली एक सावलीची कड, मिस्सेनंतर दोन तास, स्वतः पिकवून आणणाऱ्यांसाठी विनामूल्य मोकळी ठेवावी. जात, धर्म वा गाव विचारू नये, माल आपल्या हातचा आहे एवढेच विचारावे. तिथे दर पाटीवर लिहिलेला असावा आणि तो दोन्ही बाजूंनी पाळावा. दोन, वेदीची फुले, सणाच्या जेवणाची भाजी व केळी, मृतांच्या दिवसाचे हार यांची खरेदी शक्यतो आपल्याच परिसरातील वाडीवाल्यांकडून, त्यांनी सांगितलेल्या दराने व्हावी. सुगीच्या सणाची सजावट घाऊक बाजारातून मागवलेल्या भोपळ्यांनी करण्यापेक्षा वेदी रिकामी ठेवलेली बरी. तीन, पालकांनी मुलांना बाजारात न्यावे आणि त्यांच्यासमोर सांगितलेले पैसे सरळ मोजून द्यावेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेला न्याय त्यांना तिथे डोळ्यांनी पाहता येईल.

कोणी म्हणेल, एवढ्याने वसईची शेती वाचणार आहे काय? एवढ्याने वाचणार नाही. जमीन, पाणी, घरबांधणी यांचे प्रश्न फार मोठे आहेत आणि ते निराळ्या रणांगणावर लढावे लागतील. पण ज्या शेतीसाठी आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, तिच्या शेवटच्या जुडीचे पाच रुपये कापून घेणारा हात आपलाच असेल, तर त्या निवेदनांना काय अर्थ? वाडीतल्या मुलाने कुदळ टाकून नोकरी धरली की आपण हळहळतो. त्याने आईला बाजारात बसलेले पाहिलेले असते आणि तिच्याशी आपण काय बोललो तेही ऐकलेले असते.

यंदाच्या आश्विनात बाजारात जाल, तेव्हा दर विचारा, माल पाहून घ्या, परवडेल तेवढाच घ्या. पण एकदा घ्यायचा ठरला की तिने सांगितलेले पैसे तिच्या हातावर ठेवा आणि कोथिंबीर हवी असेल तर तिचेही पैसे द्या.