पणाला लागलेला बैल : बहात्तरचा दुष्काळ आणि खेळातून सांगायचा इतिहास

धागा.

वेरूळला येणारे बहुतेक लोक कैलास लेणे पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परत फिरतात. त्याच रांगेत पुढे असलेल्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात फारसे कोणी रेंगाळत नाही. तेथे एका शिल्पपटात शिव आणि पार्वती द्यूत खेळत बसले आहेत. भोवती परिवार आहे, डाव रंगलेला आहे. त्यांच्या पायांखालच्या भागात मात्र निराळेच काही चालले आहे. गणांनी नंदीला घेरले असून त्यांची दांडगाई सुरू आहे.

वेरूळच्या शिल्पकारांना हा विषय इतका प्रिय होता की तो अन्य लेण्यांतही आढळतो. पुराणकथेत या खेळात शिव सर्वस्व हरतो. डॉन हँडलमन आणि डेव्हिड शुलमन या अभ्यासकांनी १९९७ साली शिवाच्या द्यूतावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. खालचा नंदी हा हरलेला पण आहे, असाही त्या शिल्पाचा एक अर्थ लावला जातो. तो स्वीकारला, तर वर देवांचा खेळ चालू असताना त्याची किंमत खाली एक बैल मोजतो आहे, असे ते चित्र होते.

हा बैल लक्षात ठेवावा. धाग्याच्या उत्तरार्धात त्याचे काम आहे. तूर्त विषय व्हिडिओ गेमचा आहे. मोठ्या कंपन्यांचे शेकडो तास चालणारे गेम येथे अभिप्रेत नाहीत. दोन-चार किंवा पाच-दहा माणसांच्या चमूने केलेले, दोन-तीन बैठकांत संपणारे, एकच गोष्ट सांगणारे आणि बहुधा दुःखाची गोष्ट सांगणारे जे ‘इंडी’ गेम असतात, त्यांचा येथे विचार करायचा आहे. मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासातील काही प्रकरणे या प्रकारातून जितकी नीट सांगता येतील तितकी प्रबंधातून किंवा चित्रपटातून सांगता येणार नाहीत, असे प्रस्तुत धाग्याचे म्हणणे आहे.

पहिला आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्तही आहे. लोकांच्या मरणाचा खेळ करायचा काय? मराठीत ‘खेळ मांडला’ हे शब्द बहुतेकदा नाराजीनेच उच्चारले जातात. परंतु याच शब्दाचा दुसरा अर्थही मराठीने जपला आहे. तमाशाचा खेळ असतो, दशावताराचा खेळ असतो, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ असतो. चित्रपटगृहातही सहाचा आणि नऊचा खेळ असतो. लोकांसमोर मांडलेली गोष्ट म्हणजे खेळ, हा अर्थ आपल्या भाषेत संगणकाच्या कितीतरी आधीपासून रुळलेला आहे.

पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) तर याही पुढचे पाऊल टाकले होते. फुगडी, पिंगा, हुतुतू, हमामा हे पोरीबाळींचे आणि गुराख्यांचे खेळ घेऊन त्यांनी भारुडे रचली आणि त्यांत जन्ममरणाचा, अहंकाराचा विचार घातला. गंभीर आशयासाठी खेळाचे रूप वापरणे हा आयात केलेला विचार आहे, असे म्हणणाऱ्याने गोदाकाठी एक फेरी मारावी. सापशिडीचा पूर्वज मानला जाणारा मोक्षपटही याच जातीचा. कवड्या टाकायच्या, विकारांच्या सापांनी गिळले की खाली घसरायचे. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. पुरावा म्हणून ते विधान तोकडे आहे, पण खेळ आणि ज्ञानेश्वर ही जोडी परंपरेला विसंगत वाटली नाही, हे महत्त्वाचे.

आता जगात काय घडले ते पाहू.

वॉर्साच्या ‘इलेव्हन बिट’ या स्टुडिओने २०१४ साली ‘धिस वॉर ऑफ माइन’ प्रसिद्ध केला. आकाराने तो या यादीतील सर्वांत मोठा, पण त्याच्यावाचून ही चर्चा अपुरी राहील. सारायेव्होच्या १९९२ ते १९९६ या वेढ्यावरून तो सुचला. यात खेळाडू सैनिक नसतो. मोडक्या घरात अडकलेल्या सामान्य नागरिकांना जगवणे एवढेच त्याच्या हाती असते. एका घरात एक वृद्ध जोडपे राहते. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधे आहेत आणि प्रतिकाराची शक्ती नाही. त्यांना लुटता येते. गेम अडवत नाही, उपदेशही करत नाही. परंतु लुटून आलेले पात्र खचू लागते. बारकावा असा की पात्रांची भूक येथे आकड्यांत दिसत नाही. ‘भुकेला’, ‘फार भुकेला’, ‘खिन्न’ असे शब्द दिसतात. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा गेम शालेय पूरक साहित्याच्या यादीत घेण्याचे जाहीर केले.

तैवानच्या ‘रेड कँडल गेम्स’चा ‘डिटेन्शन’ (२०१७) तीन-चार तासांत संपतो. काळ १९६० च्या दशकातला, लष्करी कायद्याचा. एका शाळेत काही शिक्षक आणि विद्यार्थी बंदी असलेली पुस्तके गुपचूप वाचतात आणि कोणीतरी त्यांची खबर देते. बराच वेळ तो भुताटकीचा गेम वाटतो. पुढे कळते की खबर देणारी मुलगी कोण होती, आणि इतका वेळ खेळाडू कोणाच्या पायांनी चालत होता. (गेम खेळायचा असल्यास हे वाक्य विसरून जावे.) तैवानमध्ये लष्करी कायदा १९४९ पासून १९८७ पर्यंत होता. तो काळ न पाहिलेल्या पिढीला या गेमने अपराधभावाचा जो अनुभव दिला, तो पाठ्यपुस्तकातील परिच्छेद देऊ शकत नाही.

आणि तिसरा, इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा असा, ‘अटेंटाट १९४२’. प्रागचे चार्ल्स विद्यापीठ आणि चेक विज्ञान अकादमी यांनी तो २०१७ मध्ये आणला. नाझी अधिकारी हायड्रिख याच्यावरील हल्ल्यानंतर आजोबांना गेस्टापोने का पकडले, याचा शोध नातवंड घेते आणि त्यासाठी आजीशी, शेजाऱ्यांशी बोलते. साक्षीदारांच्या भूमिका नट करतात, मधे जुन्या चित्रफिती आणि चित्रकथा येतात. संपूर्ण गेम म्हणजे मुलाखत घेण्याची कला आहे. प्रश्न उद्धट गेला की समोरचे माणूस मिटते आणि माहिती हातची जाते. मौखिक इतिहासाच्या कार्यशाळेत चार दिवस जे सांगितले जाते, ते येथे पहिल्या अर्ध्या तासात अंगावर येते.

या तिन्ही उदाहरणांत एक धागा समान आहे. कादंबरी वाचताना वाचक म्हणतो, ‘त्याने असे केले.’ चित्रपट पाहताना प्रेक्षकही तेच म्हणतो. गेममध्ये मात्र ‘माझ्या हातून असे झाले’ हे वाक्य निघते. ज्या इतिहासात खलनायक शोधून भागत नाही, जेथे भल्या माणसांना दोन वाईट पर्यायांतून एक निवडावा लागला, त्या इतिहासासाठी हे वाक्य अनमोल आहे.

महाराष्ट्रात हे माध्यम नवे नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली बहीण. निवेदक म्हणून विष्णू आणि दुर्गा. काही तासांत संपणारा, देखणा आणि आतून दुःखी असा हा गेम आहे. त्याची वाट मात्र पुराणकथेची आणि शस्त्रांची. सीमेपलीकडे वापीजवळच्या चाला येथे ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ वसाहतकाळाच्या इतिहासावर छोटे, विलक्षण गेम करतो आहे. मराठीत इतिहासावर गेम करायचा म्हटले की मात्र चर्चा गड, तलवारी आणि घोडदळ यांच्याभोवतीच फिरते. तो इतिहास तेजस्वी आहेच. पण आजी-आजोबांनी जगलेल्या इतिहासाचे काय?

येथे बहात्तरचा दुष्काळ येतो.

१९७०-७१ पासून पावसाने ओढ दिली आणि १९७२ मध्ये कळस झाला. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आजचा जालनाही होता. तो १९८१ मध्ये वेगळा झाला. जुनी माणसे सांगतात, बहात्तरला पाण्यापेक्षा धान्याचा दुष्काळ मोठा होता, हल्लीचे दुष्काळ पाण्याचे. सरकारने दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी होती, म्हणजे दर दहा माणसांतले एक खडी फोडत होते, माती वाहत होते, पाझर तलाव खोदत होते. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी या कामांना उपासमार रोखल्याचे श्रेय दिले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच अनुभवातून उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

हे सारे प्रशासनाच्या बाजूने नोंदलेले आहे. हजेरीपट, मोजमापाच्या वह्या, अहवाल यांतून किती माणसे कामावर होती ते कळते. आदल्या रात्री घरात काय बोलणे झाले ते कळत नाही.

आणि खरा इतिहास त्या बोलण्यात आहे. बैलजोडी आज मिळेल त्या किमतीला विकायची की चारा संपेपर्यंत थांबायचे? विकली तर पाऊस पडल्यावर नांगर कोण ओढणार, आणि थांबलो तर दावणीला मेलेला बैल कोण विकत घेणार? छावणीत न्यायचा तर सोबत घरातले कोण जाणार? खडीवर सून जाणार की सासू? तान्हे मूल कामाच्या जागी झाडाखाली ठेवायचे की घरी? लाल मिलोची भाकरी आणि सुकडी घरात आधी कोणाच्या ताटात पडणार? शाळेतला मुलगा आता घमेले उचलणार का? यांतला एकही प्रश्न मूर्खपणाचा नाही आणि एकाचेही बरोबर उत्तर नाही. वेरूळच्या शिल्पातील बैल येथे पुन्हा पणाला लागतो. फरक एवढाच की या वेळी डाव मांडणारा आभाळात आहे आणि बैल हरणारा त्याच्या शेजारी उभा आहे.

त्यात पाण्याची जात मिसळलेली होती. गावातील विहीर आटल्यावर उरलेल्या विहिरीवर कोणी दोर सोडायचा आणि कोणी ओंजळ धरून ताटकळायचे, हे पाऊस ठरवत नव्हता. असा गेम करणाऱ्याने एकच ‘शेतकरी कुटुंब’ निवडून सर्वांचा दुष्काळ सांगितल्याचा आव आणला तर तो इतिहास खोटा ठरेल. निदान दोन घरे हवीत, गावाच्या दोन टोकांना. आणि एका घरातून मोकळे दिसणारे दार दुसऱ्या घरातून बंद दिसावे. ही सोय गेमइतकी सहज दुसऱ्या कोणत्या माध्यमात आहे?

जुन्या दुष्काळांशी तुलना केली म्हणजे घाई का करायची ते ध्यानात येईल. १६३० च्या दख्खनच्या भीषण दुष्काळाविषयी आपल्याला जे कळते त्यातले पुष्कळसे अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशाहनाम्या’तून आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे गेलेल्या पीटर मंडी या इंग्रजाच्या प्रवासवर्णनातून कळते. एक दरबारचा इतिहासकार, एक वाटसरू. भुकेल्यांपैकी कोणाची साक्ष तेथे सापडत नाही. बहात्तरची साक्ष अजून ओसरीवर बसलेली आहे. तेव्हा वीस वर्षांची असलेली सून आज सत्तरी ओलांडून गेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. दुःख हे खेळण्याचे साधन झाले की खेळाडू हिशेबी होतो. मूल आजारी पडले की त्याला ‘तोटा’ दिसतो. हा धोका खरा आहे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘भूक : ४० टक्के’ अशी पट्टी लावणारा गेम मुळीच होऊ नये. वॉर्साच्या चमूने आकड्यांऐवजी शब्द निवडले ते याचसाठी. गुण नकोत, पदके नकोत, ‘सर्वोत्तम शेवट’ नको. दीड-दोन तासांत संपले पाहिजे; लांबले की सवय होते आणि सवय झाली की दुष्काळ म्हणजे निव्वळ कोडे उरते. बोली मराठवाड्याची हवी, पुस्तकी नको.

खर्चाचे कारण पुढे केले जाईल. खुली गेम-इंजिने आज फुकट मिळतात, आणि छत्रपती संभाजीनगरात इतिहास शिकणारे व संगणकशास्त्र शिकणारे एकाच आवारात वावरतात. या दोघांची गाठ पडणे पैशांहून अवघड आहे, हे मात्र कबूल करावे लागेल. इतिहासवाल्यांना गेम पोरकट वाटतो, आणि गेमवाल्यांना इतिहास म्हणजे पोशाख आणि शस्त्रे.

सुरुवात संगणकावर करूच नये. प्राग येथील मंडळींनीही आधी संशोधन केले, संवाद मागाहून लिहिले. पैठण, अंबड, भोकरदन, कन्नड, कुठलाही तालुका घ्यावा. बहात्तरच्या कामातून झालेला एखादा पाझर तलाव किंवा रस्ता शोधावा, आणि त्यावर माती टाकलेली माणसे त्याच गावात शोधावीत. मजुरी किती मिळाली हा प्रश्न शेवटी विचारावा, कारण त्याचे उत्तर कागदावर आहे. आधी विकलेल्या बैलाचे नाव विचारावे.